वीणेची तार तुटली तर



सेलूचं नाव काढलं की त्याच्या पाठोपाठ कापसाचं नाव येतंच. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना पिंजारी आठवत असेल. खांद्यावर धनुकली टाकून तो आळीत यायचा, आणि तातेवर ठोका बसला की सगळ्या आळीला कळायचं, कुणाच्या तरी घरी गादी पिंजली जात आहे. ती तात म्हणजे आतड्याची पीळ दिलेली दोरी. तात तुटली की पिंजाऱ्याचा दिवस बुडाला. म्हणून जाणता पिंजारी दुसरी तात जवळ बाळगीत असे.

आज आपण बोलणार आहोत ते अशाच एका तुटण्याबद्दल. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला आहे असं समजा. तिसरी रात्र आहे. पहाऱ्यावरचा विणेकरी बदलला, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात गेली. सात दिवस ती खाली ठेवायची नाही, हा नेम तुम्हां सर्वांना माहीत आहे. आणि नेमकी त्याच वेळी ‘टण्’ असा आवाज होऊन तार तुटते. टाळ चालू आहेत, मुखी नाम चालू आहे, पण वीणा मुकी झाली. आता काय करायचं? कुणी म्हणतो, कुंपणाची बारीक तार लावू. कुणी म्हणतो, सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पदर काढू. कुणी म्हणतो, सकाळी परभणीला माणूस धाडू. बरं, तो माणूस परभणीला जाऊन मागणार तरी काय? “एक तार द्या” म्हटलं की दुकानदार विचारणार, “कसली? किती नंबरची?” इथं बहुतेकांची बोबडी वळते.

तेव्हा तार शोधायची ती अगोदर आपल्याच वाद्यावर, दुकान त्याच्या नंतर. वाद्य स्वतःच सांगत असतं त्याला कोणती तार हवी ते. ते ऐकायला चार प्रश्न पुरे होतात. तार वाजते ती लांबी किती? तिला कोणत्या स्वरात लावतात? ती कोणत्या धातूची आहे? आणि तिची जाडी किती? हे चार प्रश्न वीणेला लागू आहेत, तंबोऱ्याला लागू आहेत, आणि पुढं मी ज्याची गोष्ट सांगणार आहे त्या शहरी गिटारलाही लागू आहेत.

पहिली लांबी. तंबोऱ्याची तार खाली लंगोटात अडकवलेली असते. तिथून ती मण्यातून निघून घोडीवर चढते, मग दांडीवरून सरळ जाऊन अटीवर टेकते आणि शेवटी खुंटीला गुंडाळली जाते. यातला वाजणारा भाग घोडी आणि अटी यांच्यामधला. तोच मोजायचा. पण विकत घेताना मात्र लंगोटापासून खुंटीपर्यंतची सगळी लांबी, आणि वर खुंटीभोवती चार वेढे बसतील इतकी तार हवी. ही दुसरी लांबी विसरल्यामुळं कितीतरी तारा वीतभर आखूड निघतात.

दुसरा स्वर. तंबोऱ्याच्या चार तारांत पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या म्हणजे षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची, म्हणजे त्याच षड्जाच्या एक सप्तक खालची. वारकऱ्यांच्या वीणेवर तारा किती आहेत त्या मोजाव्यात आणि कोणती कशात मिळवतात ते आपल्या जाणत्या विणेकऱ्याला विचारावं. पेटीच्या भाषेत आपला सा कुठं आहे, काळी एकवर की काळी चारवर, हे एकदा लिहूनच ठेवावं.

तिसरा धातू. जोडीच्या तारा पोलादाच्या असतात, खर्जाची पितळेची किंवा कांशाची. खालच्या पट्टीच्या मोठ्या तंबोऱ्यात पंचमाची तारही कधी पितळी असते. रंगावरून कळत नसेल, तार काळी पडली असेल, तर लहान लोहचुंबक जवळ न्यावा. पितळ आणि कांसं त्याला दाद देत नाहीत.

चौथी जाडी. इथं शाळा कामाला येते. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेज असतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग तो दाखवतो. तुटलेल्या तारेचा न वाकलेला, न गंजलेला भाग त्यात धरावा. स्क्रू गेज नसेल तरी अडत नाही. पेन्सिलीवर तारेचे वीस वेढे एकमेकांना अगदी चिकटून घ्यावेत, पट्टीनं त्या वीस वेढ्यांची रुंदी मोजावी आणि वीसनं भागावं. वीस वेढे ६.३ मिलिमीटर भरले तर तार ०.३१५ मिलिमीटरची झाली. बाजारात हिलाच तीस नंबर म्हणतात. अठ्ठावीस नंबरची तार ०.३७६ मिलिमीटर असते आणि बत्तीस नंबरची ०.२७४. म्हणजे बरं का, नंबर वाढला की तार बारीक होत जाते. कापसाचं सूत ओळखणाऱ्या आपल्या मुलखाला हे नवीन नाही. सुताचा नंबर वाढला की सूत तलम होतं, तसंच हे.

आता कुणी विचारील, “थोडी जाड-बारीक तार लावली तर काय बिघडलं?” याचं उत्तर हिशोबानंच देऊ. शिक्षक मंडळींनी हा हिशोब फळ्यावर मांडावा. मार्सेन नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूनं १६३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तारेच्या कंपनाचे नियम मांडले. त्यांचं सार तीन वाक्यांत सांगता येतं. तार लांब केली की स्वर उतरतो. ताण वाढवला की स्वर चढतो, पण स्वर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट लागतो. आणि लांबी व ताण तेच ठेवून तार जड केली की स्वर उतरतो. प्रयोगशाळेतल्या स्वरमापीवर, म्हणजे सोनोमीटरवर, मुलं हेच तर पडताळून पाहतात.

तंबोऱ्याची वाजणारी लांबी ९५ सेंटिमीटर धरा. तार पोलादी, तीस नंबरची. सा काळी एकचा, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपनं. हिशोब केला तर त्या तारेवर सुमारे ४.३ किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. आता तिच्या जागी अठ्ठावीस नंबरची तार लावून तोच स्वर आणा. ताण सहा किलोच्या वर जातो. एका तारेचं हे झालं. चारही तारांवर अशी चूक केली तर सगळा भार कुणावर? तबलीवर, दांडीवर आणि घोडीवर. तबली म्हणजे पातळ लाकूड. ती हळूहळू दबते आणि मग नुसती तार बदलून भागत नाही, कारागिराचं दार गाठावं लागतं.

उलट बाजूही पाहा. खर्जाची पितळी तार तुटली म्हणून तिथं जोडीचीच बारीक पोलादी तार लावली. स्वर एक सप्तक खाली आणायचा, म्हणजे ताण चौथा हिस्सा, जेमतेम एक किलो उरला. अशी तार ढिली पडते, लोंबते, फडफडते, आणि खर्जाचा भरीवपणा काही येत नाही. खर्जाला जड तार लागते ती याच कारणानं. जड तार योग्य ताणात राहूनही खालचा स्वर देते.

कुंपणाच्या आणि बांधकामाच्या तारेचंही असंच. ती मऊ लोखंडाची असते. बांधताना मुरडावी म्हणून मुद्दाम मऊ केलेली. ताण दिला की ती लांबत जाते, स्वर धरत नाही, आणि लांबता लांबता तुटते. ब्रेकच्या तारेचे पदर पीळ देऊन वळलेले असतात. त्यातला एक सरळ करून लावला तरी त्याची वळणं जात नाहीत. अडल्या रात्री कुणी लावली तर पाप लागत नाही, पण सकाळी ती उतरवावी.

इथं शिक्षक-शिक्षिकांना एक कळकळीची गोष्ट सांगायची आहे. शाळेत बहुधा एकच तंबोरा असतो आणि तो पुरुषी पट्टीचा असतो. प्रार्थनेला मुली उभ्या राहतात. त्यांचा गळा काळी चारच्या आसपास सहज चालतो. मग कुणीतरी उत्साहानं खुंट्या पिळतो आणि काळी एकचा तंबोरा काळी चारला नेतो. स्वर दीडपट झाला, ताण सव्वादोनपट झाला. ४.३ किलोचे साडेनऊ किलोच्या वर गेले. तार तुटते ती अशी, आणि उडालेलं टोक डोळ्याशी येतं. लहान मुलं समोर असताना हा खेळ करू नये. आणि तार तुटू नये म्हणून उलटं केलं जातं ते तर आणखी वाईट. तंबोरा खालीच ठेवतात आणि मुलींना खालच्या पट्टीत गायला लावतात. मुलीचा आवाज तिथं पोचत नाही. ती नुसती ओठ हलवते आणि पुढं जन्मभर म्हणते, “मला गाता येत नाही.” दोष तिच्या गळ्याचा नव्हता, तारेचा होता.

याला उपाय आहे. मुलींसाठी आखूड दांडीचा तंबोरा आणि बारीक तार. उदाहरणार्थ, वाजणारी लांबी ७५ सेंटिमीटर आणि पोलादी तार बत्तीस नंबरची घेतली, तर काळी चारलाही ताण साडेचार किलोच्या आसपासच राहतो. बायकांचा तंबोरा लहान का असतो, याचं कारण हे. आणि नवा तंबोरा घेणं जमत नसेल, तर तोपर्यंत पेटीच्या स्वरावर मुलींना त्यांच्याच पट्टीत गाऊ द्यावं. तंबोऱ्यासाठी गळा मोडू नये.

आता तार आणायची कुठून? तालुक्याच्या बाजारात नेमकी तार मिळेलच असं नाही. पण आपल्या महाराष्ट्रात मिरज आहे. एकोणिसाव्या शतकात तिथं फरीदसाहेब सितारमेकर यांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. मूळचं घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. तलवारीचे दिवस सरले आणि तेच हात तंबोऱ्याकडं वळले. त्यांच्या वंशातले कारागीर आजही तिथं काम करतात. वाद्याचे भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, भीमाकाठचे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले. गाणं तर त्यांचं थोरच, पण तंबोरा स्वतः दुरुस्त करण्यातही त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९३७ साली ते निवर्तले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडून तिकडं जायचं तर परभणीहून परळी, लातूर, कुर्डुवाडी आणि पंढरपूर असा आगगाडीचा मार्ग आहे. म्हणजे वारीचीच वाट थोडी पुढं न्यायची.

पण एका तारेसाठी एवढा प्रवास कशाला? तारेचं वजन ते किती! पाकिटात मावते. चिठ्ठी मात्र नीट लिहावी. ती अशी लिहा: “तंबोरा, पुरुषी. घोडीपासून अटीपर्यंत ९५ सें. मी. लंगोटापासून खुंटीपर्यंतची लांबी इतकी. सा काळी एक. जोडीची तार पोलादी, ०.३१५ मि. मी., चार नग. खर्जाची पितळी, एक नग. जुन्या तारांचे तुकडे सोबत चिकटवले आहेत.” हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. कागदावर चिकटवलेला वीतभर तुकडा शंभर शब्दांचं काम करतो. म्हणून तुटलेली तार रागानं उकिरड्यावर फेकू नका. आता तर फोनवरून फोटो पाठवण्याचीही सोय आहे. तरीपण फोटोत जाडी दिसत नाही, हे ध्यानात असू द्या. आकडा लिहावाच.

तार आली. ती चढवायची कशी? एका वेळी एकच तार काढावी. सगळ्या एकदम उतरवल्या तर ताण एकदम जातो आणि घोडी जागची हलण्याची भीती असते. नव्या तारेच्या टोकाला फास करून चार-पाच पीळ घट्ट द्यावेत, मग ती लंगोटात अडकवावी. मणी ओवायला विसरू नये. खुंटीवरचे वेढे एकावर एक न चढवता शेजारी शेजारी घ्यावेत. तारेला कुठंही कोन पडू देऊ नये, कारण बहुतेक तारा ताणानं तुटत नाहीत. मुरडलेल्या किंवा गंजलेल्या जागीच त्या तुटतात. तार एकदम स्वरावर आणू नये. थोडी चढवावी, थांबावं, पुन्हा चढवावी. नवी तार पहिला दिवस उतरत राहणारच. म्हणून सप्ताहाच्या आदल्या दिवशी नव्हे, चार दिवस आधी तारा बदलाव्यात. शेवटी घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी जुळवावी. झंकार उघडला की तुम्हांला कानानंच कळेल.

सप्ताह चालू असतानाच तुटली तर? वीणा विणेकऱ्याच्या गळ्यातच राहू द्यावी. त्यानं बसून ती मांडीवर आडवी धरावी आणि दुसऱ्या जाणत्यानं तार ओवावी. वीणा खाली ठेवली जात नाही आणि कामही होतं. अर्थात रीत ज्या त्या गावची, वडीलधाऱ्यांना विचारूनच करावं. दुसरी वीणा मिळवून तयार ठेवली असेल तर उत्तमच.

आता ती शहरी गिटारची गोष्ट. हल्ली आपली मुलं शिकायला पुण्या-मुंबईला, औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जातात. एखादा मुलगा सुटीत घरी येतो तो पाठीवर पिशवी घेऊन. पिशवीतून निघते बास गिटार. पण तिला डोकं नाही! दांडी जिथं संपते तिथं खुंट्याच नाहीत. आणि दांडीवर पडदेही नाहीत. आजोबा म्हणतात, “अरे, मोडकी आणलीस की काय?” मोडकी नव्हे, ती तशीच असते. नेड स्टाइनबर्गर नावाच्या अमेरिकन कारागिरानं १९८०च्या सुमारास असलं बिनडोक्याचं वाद्य बाजारात आणलं. डोक्याचा भार गेला की दांडी खाली झुकत नाही. स्वर मिळवायचे मळसूत्र खाली, घोडीच्या बाजूला. आणि पडदे नाहीत म्हणून बोट सरकवून स्वरातून स्वरात जाता येतं, सरोदावर मींड घेतात तसं.

त्या मुलाची तार तुटली तर त्यालाही तेच चार प्रश्न विचारा. लांबी? बास गिटारची वाजणारी लांबी साधारणपणे ८६ सेंटिमीटर, म्हणजे ३४ इंच, पण आखूडही असतात, मोजून घ्यावी. स्वर? सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ कंपनांची, मग ५५, ७३ आणि ९८. आपल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ कंपनांचा. म्हणजे ही तार खर्जाच्याही खाली उतरते. धातू आणि जाडी? एवढा खालचा स्वर नुसत्या तारेतून काढायचा तर ती काठीसारखी ताठ होईल. म्हणून आत पोलादी गाभा आणि वर दुसऱ्या तारेचं वेटोळं असतं. बिनपडद्याच्या दांडीवर गोल तारेचं खरखरीत वेटोळं लाकूड घासतं. त्यापेक्षा चपट्या पट्टीचं किंवा नायलॉनच्या फितीचं वेटोळं असलेली तार बरी.

आणि पाचवा प्रश्न या गिटारपुरता: टोकं कशी आहेत? साध्या गिटारच्या तारेला एकाच टोकाला धातूचा मणी असतो. बिनडोक्याच्या पुष्कळ गिटारींना दोन्ही टोकांना मणी लागतो. एक वरच्या खाचेत बसतो, एक खालच्या. तिथं दोन मण्यांमधलं अंतर जुळलं नाही तर तार बसतच नाही. ती कापून जमवता येत नाही. काही गिटारींना वरच्या बाजूला स्क्रूचा चिमटा असतो. त्यात साधी तार धरता येते. पण अगोदर चिमटा घट्ट करावा, मग उरलेली तार कापावी. आधी कापली तर वेटोळं उसवतं. दुकानाला चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मुलानं आपल्या गिटारची वरची बाजू नीट पाहावी, मणी की चिमटा. बस्स, अर्धं काम झालं.

पाहा, वीणा आणि ही गिटार, दोघींची जात वेगळी, गाव वेगळं, पण तारेचा कायदा एकच.

कुणी म्हणेल, आता तंबोरा यंत्रात आला, फोनमध्ये आला. तार हवी कशाला? बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ साली विजेवरचा तंबोरा तयार केला. पुष्कळांची त्यानं सोय झाली, आणि रियाजाला तो वाईट नाही. पण सप्ताहात गळ्यात घ्यायची ती वीणाच. आणि वर्गात मुलाला कान लावून तार मिळवायला शिकवायचं ते यंत्रावर शिकवता येत नाही. स्वर चढतो कसा आणि उतरतो कसा, हे हाताला कळावं लागतं. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. तिच्या नावाचा गजर जिथं होतो, तिथं वीणा मुकी राहू नये.

तेव्हा उद्या सकाळी एवढं करा. देवळातली वीणा किंवा शाळेतला तंबोरा खाली काढा. चार प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा आणि तो कागद गवसणीच्या खिशात ठेवा. प्रत्येक जातीच्या दोन-दोन तारा मागवून कोरड्या फडक्यात गुंडाळा, वर चिठ्ठी लावा आणि पावसाळ्याच्या ओलीपासून जपा. वाजवून झालं की हाताच्या घामाचा हात तारांवरून कोरड्या कापडानं पुसून घ्या. शिक्षकांनी मुलांना पेन्सिलीवर वीस वेढे घ्यायला लावावेत आणि उत्तर स्क्रू गेजशी ताडून पाहायला सांगावं. गणिताचा तास होईल, पदार्थविज्ञानाचा होईल आणि गाण्याचाही होईल.

पिंजारी आपली दुसरी तात जवळ बाळगीत असे. आपणही बाळगू या.